वारा फिरला, टाकी सोडली

३ सप्टें. १९६४, गुरु. कळसाडी.
कपाशीवर विमानातून फवारणीचा सहावा दिवस. इथला वारा सातपुड्यावरून उतरतो आणि मध्येच उलटतो, मेला. म्हणून धावपट्टीच्या दोन्ही टोकांना ओल्या गवताचा धूर. दोन्ही एकीकडे कलले तर उडायचं, दोन दिशांना गेले तर चहा प्यायचा. रोज चढण्याआधी डोळे मिटून घोकतो, हवेत वारा उलटला तर: थ्रॉटल पूर्ण, विमानाचं नाक वर ओढायचं नाही, टाकी सोडायची, म्हणजे सगळं औषध एकदम खाली ओतून हलकं व्हायचं. वामन मिस्त्री विचारतो, "झाला का जप?" हसू दे लेकाला.

५ सप्टें., शनि.
वाचलो.
सकाळी दोन्ही धूर सरळ वर. वारा नाही म्हणून निर्धास्त उडालो, टाकी काठोकाठ. नाल्यापाशी वारा एकदम पाठीमागून. विमान खाली जाऊ लागलं. थ्रॉटल पूर्ण. नाक ओढावंसं वाटत होतं, आईशप्पथ, पण नाही ओढलं. टाकी सोडली. चाकांना कपाशी घासली, मग वर.
सगळं औषध दगाआप्पाच्या बांधावर. तिथे त्याची बैलजोडी चरत होती. आणि दगाआप्पा म्हणजे आपला धूर पेटवणारा माणूस!
उतरून पाहिलं तर दोन्ही धूर आडोशाला, एक केळीच्या, एक उसाच्या, म्हणून सरळ वर. म्हणाला, "तुमना डोयास्मां जाई म्हनीसन आडे कया, साहेब."
धूर माझ्या डोळ्यांत जाईल म्हणून आड केला! ओरडलो त्याच्यावर. मग आठवलं. धूर वारा कळावा म्हणून असतो, हे मी त्याला एकदाही सांगितलं नव्हतं. गाढव मी.

६ सप्टें., रवि.
धाकटा बैल आडवा. तोंडाला फेस, अंगाला कापरं. शहाद्याहून ढोरांचे डॉक्टर आले, सुई दिली, म्हणाले बघू. दगाआप्पाची बायको बैलाचं अंग पुसत होती. माझ्याकडे पाहिलंही नाही, बरोबरच आहे. वामन म्हणतो, "तुम्ही वाचलात हे काय कमी?" लाज वाटते वाचल्याची.

७ सप्टें., सोम.
बैल जिवंत. उठत नाही.
तरी दगाआप्पा उजाडायच्या आत हजर. धूर आज उघड्यावर, दोन्ही एकीकडे कललेले. वामनने टाकी भरली. मी आत बसलो, तर दगाआप्पा पंखाशी येऊन उभा. राग नाही, साधंच विचारलं, "साहेब, आज बी टाकी सोडनी पडनी तं कोठे सोडशात?"
चारी बाजूंना पाहिलं. सगळीकडे शेतं, शेतांत माणसं वाकलेली.
वही मांडीवर आहे. इंजिन सुरू केलेलं नाही. तो अजून उभा आहे.