आज गाडी हलवायचीच नव्हती

शैला,

माहीमहून आलीस की मागच्या दाराने ये, मुलांना पुढे येऊ देऊ नको. ओटीवर रक्त सांडलंय. माझं नाही, समोरच्या धर्माजीचं. मी त्याला टेम्पोतल्या लोखंडी टॉमीने मारलं, चाक खोलायच्या दांड्याने. त्याचं डोकं फुटलंय, हात मोडलाय. त्याला पालघरला दवाखान्यात नेलंय आणि मी स्वतःच्या पायाने पोलिसांत जातोय.

रस्त्यावरची ती पाटी तुला ठाऊक आहे. विषम तारखेला टेम्पो आपल्या बाजूला, सम तारखेला धर्माजीच्या. ज्याने लावली त्यालाच रोज रात्री बाराला झोपेतून उठवायला पाहिजे! मी कालही उठलो आणि टेम्पो पलीकडे नेला. सकाळी बघतो तर हवालदाराने चारही चाकांची हवा सोडलेली, चिकू आत तसेच. मला वाटलं, धर्माजीनेच चुगली केली. तो समजवायला ओटीवर आला, तर मी त्याला तोंडच उघडू दिलं नाही.

चिकू सावलीत उतरवून घे. टॉमी धुऊ नको, पोलीस मागतील. आनंदीवहिनी नवऱ्यापायी शिव्या घालायला येतील, ऐकून घे. तुझ्या आईला सांगू नको. माझा हात आवरत नाही असं ती बोलायची, ते खरं ठरलं.

हात धुताना कॅलेंडर दिसलं. काल एकतीस, आज एक. दोन्ही विषम.

रात्री धर्माजी खिडकीतून ओरडत होता, "विश्राम, आज नको रे, आज हलवायची नाय!" मी त्याला आईवरून शिवी घातली आणि टेम्पो नेऊन त्याच्याच दारात लावला.

विश्राम