फळीवरचं नाव

फोज्जा, इटली
२३ ऑगस्ट

न्यिमा मावशी,

सलाम. तू शांतीत आहेस ना? घरातली माणसं शांतीत? विहिरीला पाणी आहे? बकरी व्याली का? इथेही शांतीच आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.

ही चिठ्ठी गावाकडे निघालेल्या सेनीच्या हाती देतोय. वाचतील मास्तर. मास्तर, मावशीला आधी खाली बसवा. माझं अक्षर दुसरीपर्यंतचं, लागायला कठीण. तरी मधली एकही ओळ गाळू नका.

टोमॅटोचा हंगाम जोरात आहे. दुपारी पेटीला हात लावला तरी भाजतो. तुझा डेंबो म्हणायचा, "आपल्याकडचं ऊन बरं, त्याला निदान आपली भाषा कळते."

म्हणायचा, असं लिहून गेलो.

मावशी, तू सध्या माझ्या आईच्या घरी बसली आहेस, हे मला ठाऊक आहे. सरकारी दुभाष्यानं माझ्या अर्जावरचा नंबर लावून तिला सांगितलं, तुझा यांकुबा शेतात उन्हानं गेला. तेव्हापासून तू तिथंच आहेस, तिला पेज भरवतेस. मी यांकुबा. मी मेलो नाही.

त्या दिवशी शेतात डेंबो होता. माझ्या कागदावर.

आश्रयाचा अर्ज केला की इथे साठ दिवस काम करता येत नाही. माझे भरले होते, डेंबोचे नऊ उरलेले. मला ताप आला. तो म्हणाला, "दे तुझा कागद, मी जातो. मुकादमाला आपण सगळे एकाच तव्यावर भाजलेले." मी दारातून बघत होतो. मुकादमानं फोटो पाहिला, त्याच्याकडे पाहिलं न पाहिलं आणि म्हणाला, "चल यांकुबा, चढ गाडीत." दुपारी तो ओळीतच पडला. खिशात माझा कागद.

दवाखान्यातल्या बाईनं विचारलं, "तू कोण याचा?"

मित्र, म्हटलं.

"नाव?"

कागद दुसऱ्याला दिला हे कळलं तर अर्ज फेकून देतील, परत पाठवतील, एवढंच डोक्यात. मी म्हणालो, "डेंबो." तिनं लिहून घेतलं. इतकं सोपं होतं गं ते.

त्याचा फोन माझ्याकडे आहे. त्यात तुझा आवाज येतो. "डेंबो, उचलत का नाहीस रे? यांकुबाला परक्या हातांनी शेवटची अंघोळ घालू देऊ नकोस. तू घाल." घातली, मावशी. मीच घातली. रीतीनं, उजवीकडून सुरू केली. कोपरावर तो आंब्यावरून पडल्याचा व्रण आहे ना, तिथे हात थांबला.

वर एक खोटं लिहिलंय. त्यानं कागद मागितलाच नव्हता. एक दिवस चुकला तर माझी जागा दुसऱ्याला जाईल, म्हणून मीच त्याच्या मागे लागलो. तो म्हणत होता, "नऊच दिवस राहिलेत, जाऊ दे मला नियमानं." मी हसलो. म्हटलं, "पाळ नियम. तुझी आई तिथं धान्य कुटतेय, तू इथं नवरीसारखा सावलीत बस." त्यानं चहा तसाच ठेवला, माझी टोपी घातली आणि गेला.

काल कबरस्तानात गेलो. लाकडी फळीवर माझं नाव. फातिहा म्हणायला हात उचलले आणि कुणासाठी म्हणायची तेच सुचेना.

उद्या वकीलबाईंबरोबर पोलिसांकडे जातोय. सगळं सांगणार. त्या म्हणाल्या, "तुझ्या अर्जाचं काय होईल, मी शब्द देऊ शकत नाही." होऊ दे काय ते. आधी ती फळी बदलू दे.

माफी कुठल्या तोंडानं मागू? एकच सांगतो. हे ऐकून माझ्या आईच्या घरातून उठू नकोस. आता तिची पाळी. तिला म्हणावं, मला पेज भरव.

तुझ्या मुलाचं नाव परत करायला निघालेला,
यांकुबा