भोंग्यावरून घ्यायचं नाव

सोमवार, ४ नोव्हेंबर

माईक गेला!

बावीस वर्षं शाळेच्या मैदानावर मीच बोलतोय. आज मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावलं आणि खुर्ची दिली, चहा मागवला. चहा आला तेव्हाच ओळखलं. बाई बिनकामाचा चहा कुणाला पाजत नाहीत.

"काका, भोंगे तुमचेच, मिक्सर तुमच्याच हातात. तुमच्याशिवाय ते कोण सांभाळणार? फक्त बोलायचं काम यंदा त्या नव्या मुलाला देऊ."

फक्त! म्हणजे गाडी तुमची, डिझेल तुमचं, फक्त चालवणार दुसरा.

मी हसून "चांगलं आहे की!" म्हणालो. भोंगे भाड्याने द्यायचं दुकान चालवून चालवून एवढं तरी जमतं. गिऱ्हाइकाने घासाघीस केली की हसायचं आणि नंतर मागच्या खोलीत जाऊन शिव्या द्यायच्या. ही वही म्हणजे माझी मागची खोली.

नव्या मुलाचं नाव मी ठेवलंय रेडिओ. दोन वर्षं कुठल्याशा केंद्रावर सकाळी गाणी लावायचा. वय सत्तावीस. कानामागून आला आणि तिखट झाला.

बुधवार, ६ नोव्हेंबर

झोप नीट नाही. हिने विचारलं, "पित्त झालंय का?" म्हटलं, झालंय. खोटं नव्हतं अगदीच.

मी सुरुवात केली सायकलच्या कॅरिअरला एक भोंगा बांधून. तोही भंगारातून आणलेला, पडदा फाटका, स्वतः बदललेला. आज आठ भोंगे, दोन मिक्सर, दुकानावर स्वतःच्या नावाची पाटी. कुणाच्या बापाचं काही देणं लागत नाही. पण मैदानावरचा माईक हा धंदा नव्हता. तिथे पोरं मला माईककाका म्हणतात.

आणि माझी एक पद्धत आहे. सामन्याआधी मी पाहुण्या संघाच्या बाकापाशी जातो. एकेका पोरीला विचारतो, बाळ, तुझं नाव तूच मला म्हणून दाखव. दोनदा. मग कार्डावर माझ्या खुणांनी लिहून घेतो, कुठे लांबवायचं, कुठे तोडायचं. परक्या मैदानावर आपलं नाव नीट ऐकू आलं की पोर दोन इंच उंच होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

रेडिओला हे माहीत नाही. मी सांगणारही नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

पहिला सामना. आपल्या मुली ३, पाहुण्या १.

काय तो थाट! आपल्या पोरींची नावं अशी ओढून ओढून घेतली की एक पोरगी मैदानात शिरून जागेवर पोचली तरी तिचं नाव संपेना. आणि पाहुण्यांचं? "नऊ नंबर. दहा नंबर." जणू गोदामातली पोती. पंचांनी ऑफसाइड दिलं तर हा माईकवरून म्हणतो, "पंचसाहेब, चष्मा विसरलात का?" लोक हसून हसून लोळले. पंचही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मला मिक्सरवरून दिसले.

सामन्यानंतर शिपाई येऊन म्हणाला, "काका, यंदा मैदानात जान आली बघा!"

म्हणजे बावीस वर्षं काय प्रेत उचलत होतो मी?

घरी येताना ही म्हणाली, "आवाज गोड आहे हो पोराचा." मी चपला काढायच्या निमित्ताने बराच वेळ खाली वाकून राहिलो.

रविवार, १० नोव्हेंबर

आवाज खरंच चांगला आहे. खालच्या पट्टीत घुमतो, आठही भोंग्यांतून सारखा येतो. इथे लिहितो. तोंडाने म्हणणार नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

पंचांनी तक्रार केली! देव आहे.

बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही जुने जाणते. निवेदकाने कसं वागावं, ते लिहूनच द्या. दहा नियम पुरेत."

दहा? मी तासाभरात दहा लिहिले आणि हात आवरला. दोन्ही संघांची नावं सारख्याच मानाने घ्यावीत. पंचांच्या निर्णयावर चकार शब्द नाही. चेंडू खेळात असताना गप्प बसावं. पोर पडलं, दुखापत झाली, तर घरच्यांना कळण्याआधी भोंग्यावरून सांगू नये. कुणाच्या चुकीवर विनोद नाही. माईक उघडा असताना खासगी बोलू नये. अशी प्रत्येक ओळ लिहिताना डोळ्यांपुढे त्याचंच थोबाड. मापं घेऊन शिवलेला अंगरखा आहे, दुसऱ्या कुणाला बसायचाच नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

रेडिओ दुकानात आला. नियमांचा कागद घडी घालून खिशात. मला वाटलं भांडायला आलाय. मीही बाह्या सरसावून बसलो.

"काका, चौथा सोडला तर बाकी सगळे माझ्यासाठीच लिहिलेत ना?" आणि खदखदा हसला. "बरोबर आहेत पण. मला कुणी शिकवलंच नाही हे. रेडिओवर समोर कुणी नसायचं, तोंडाला येईल ते बोलायचो."

आता अशा माणसाचं काय करायचं? रागावायलाही जागा ठेवत नाही!

मग म्हणाला, "पाहुण्या पोरींची नावं तुम्ही एवढी अचूक कशी घ्यायचात? शनिवारच्या संघाची यादी आलीय. त्यांच्या गोलकीपरचं नाव वाचूनच माझी जीभ अडकतेय."

कार्डांचा डबा माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता. मी सोल्डरची तार गुंडाळत राहिलो. "सरावाने येतं," म्हणालो.

"बरं," म्हणाला बिचारा. बिचारा कशाला लिहिलं? असो.

शनिवार, १६ नोव्हेंबर

वाईट झालं.

मध्यंतर. गोल बरोबरीत, एक-एक. मी मिक्सरवर, रेडिओ माझ्यापासून दहा पावलांवर माईकच्या टेबलापाशी. त्याने माईक बंद केला नाही, तसाच टेबलावर ठेवला आणि शिट्टीवाल्या सरांशी, म्हणजे आपल्या खेळाच्या मास्तरांशी, गप्पा मारायला लागला. माईक उघडा असला की माझ्या मिक्सरवर त्याच्या आवाजाच्या दांड्याशेजारी लाल दिवा लागतो. दांडा खाली ओढला की संपलं. पण माझी एक तार सुटली होती. मी टेबलाखाली वाकून ती बघत होतो.

आणि आठही भोंग्यांतून आलं. त्याच घुमणाऱ्या आवाजात. आधी पाहुण्यांच्या गोलकीपरचं नाव. पूर्ण, बरोबर, एकही अक्षर न चुकता. मग: "...तिची आई महिन्यापूर्वी घर सोडून गेली. दुसऱ्या कुणाबरोबर तरी. पोरगी आठ दिवस कुणाशी बोलली नाही. खेळवायचं की नाही, इथपर्यंत आलं होतं, त्यांच्या बाई सांगत होत्या. आणि तरी कशी उभी आहे बघा, वाघीण!"

कौतुकच करत होता. पण आठशे माणसं ऐकत होती.

मी वर येऊन दांडा ओढला. उशीर झाला होता.

ती बारा नंबर. सरावाला म्हणून गोलसमोरच उभी होती. हातमोजे काढले. परत घातले. परत काढले. तिच्या संघातल्या पोरी तिच्याकडे न बघण्याची खटपट करत होत्या, हे सगळ्यांत वाईट. उत्तरार्धात चार गोल खाल्ले तिने. आपण जिंकलो. टाळ्या कुणी फारशा वाजवल्या नाहीत.

रविवार, १७ नोव्हेंबर

ही काल प्रेक्षकांत होती. आज चहा देताना म्हणाली, "तार कुठली सुटली होती हो?"

"टेबलाखालची."

"हं." मग कप उचलून नेताना म्हणाली, "कुठे भोंगा नुसता खरखरला तरी तुमचा हात आधी पोचतो, मग तुम्हाला कळतं. काल इतका हळू कसा झाला?"

"वय झालं," म्हणालो.

"कालच झालं वाटतं," म्हणाली, आणि गेली. तीस वर्षं संसार केला की बायकोला मिक्सर लागत नाही. सगळं आपोआप ऐकू येतं.

सोमवार, १८ नोव्हेंबर

बाईंच्या खोलीत आम्ही दोघं. रेडिओ दाढी न करता आलेला. बाईंनी माझेच नियम पुढ्यात ठेवले होते. सहाव्यावर बोट: माईक उघडा असताना खासगी बोलू नये.

"मिक्सरवरून बंद करता आलं नसतं का, काका?"

तार, टेबल, वाकलो होतो... सगळं सांगितलं. छान सांगितलं. रेडिओ माझ्याकडे बघत होता. त्याचं टेबल दहा पावलांवर. मी कुठे होतो, हे त्याला माझ्याइतकंच दिसत होतं.

तो म्हणाला, "बाई, बोललो मी. काकांचा काय संबंध?"

त्याला काढलं. अंतिम सामन्याला निवेदक मी. अंतिम सामना पुन्हा त्याच संघाशी पडायची शक्यता आहे, म्हणे.

बाहेर व्हरांड्यात शिपायाने हात धरला. "काका, तुम्हीच बरे बुवा! जुनं ते सोनं." दोन आठवड्यांपूर्वी जान आली होती ना रे तुझ्या मैदानात?

जिंकलो मी. लिहून तर बघतो. जिंकलो.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

माईक तपासायला मैदानावर गेलो. एक, दोन, तीन. माझाच आवाज आठ भोंग्यांतून परत आला. कोरडा. तारा तपासल्या, जोड तपासले. भोंग्यांत दोष नाही.

सोमवार, २५ नोव्हेंबर

तोच संघ आलाय अंतिम सामन्याला.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

पाहुण्या पोरी आज आमच्या मैदानावर सरावाला आल्या. मी कार्डांचा डबा घेऊन गेलो. चौदा कोरी कार्डं, शिसपेन्सिल कानावर. बाकावर ओळीने बसल्या होत्या. बाळ, तुझं नाव तूच म्हणून दाखव. पहिल्या दोघी लाजल्या, मग रंगल्या. एक म्हणाली, "आमच्या शाळेतसुद्धा असं कुणी विचारत नाही!" मी फुललो. आपल्या हातची विद्या, अजून चालते.

ती शेवटी बसली होती. बुटाची नाडी बांधत. मी कार्ड पुढे धरलं.

"बाळ, तुझं?"

"नंबर बारा."

"हो, पण नाव? दोनदा म्हण, मी बरोबर लिहून घेतो. चुकणार नाही."

मान वर न करता म्हणाली, "चुकलं नव्हतंच. मागच्या वेळी बरोबरच घेतलं होतं." नाडीची गाठ सोडली, परत बांधली. "माझं नाव भोंग्यावरून घेऊ नका. नुसता नंबर म्हणा. चालेल ना?"

"चालेल," म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग तिने विचारलं, "ते दुसरे सर नाहीत का आले?"

"नाही. त्यांना काढलं."

"त्यांनी पत्र पाठवलं होतं मला. माफीचं. चार पानं." नाडी ओढून घट्ट करत म्हणाली, "इतकं कशाला? त्यांना कुठे माहीत होतं चालू आहे म्हणून."

बावीस वर्षं लोकांची पोरं दोन इंच उंच करत होतो मी. हे कार्ड कोरंच घेऊन परत आलो. दुकानात न जाता मैदानाला तीन चकरा मारल्या. घरी आलो तर हिने नुसतं बघितलं. विचारलं काही नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

नियमांचा कागद काढला. दहाही नियम बोलणाऱ्यासाठी. मिक्सरवर बसणाऱ्यासाठी एकही नाही.

अकरावा लिहिला.

शनिवार, ३० नोव्हेंबर

तार सुटलीच नव्हती. मी वाकलो नव्हतो. लाल दिवा दिसत होता आणि हात दांड्यावरच होता. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. वाट बघत होतो, हा अजून काय बरळतो याची.

सकाळी बाईंना असंच सांगितलं. या वेळी चहा मागवला नाही त्यांनी.

माईक रेडिओकडे. मिक्सर शिट्टीवाल्या सरांकडे. कार्डांचा डबा रेडिओच्या हातात दिला, खुणा समजावल्या. चौदावं कोरं का, तेही सांगितलं. त्याने ते कार्ड बघून मान हलवली.

मी फाटकाबाहेर उभा राहून ऐकलं. तेरा नावं बरोबर आली. मग तो जरा थांबला, आणि नुसतं "बारा" म्हणाला.