पातळ खळ

७ जून
जेवणाच्या टेबलावर आजही वन्संचंच राज्य! कागद, कात्री, नाड्या, खळीचं पातेलं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. नवऱ्याचं घर सोडून आल्या तेव्हा "चार दिवस राहते" म्हणाल्या होत्या. वर्ष झालं.

ह्यांच्याकडे विषय काढला. "अगं, कागदी पिशव्या करण्यात ताईचं मन रमतंय." माझं मन कशात रमतं, हे या घरात कुणी विचारलंय?

८ जून
टेबल मिळालं. अर्धं.

१० जून
माझं पक्ष्यांचं कॅलेंडर कापलं! चित्रं फ्रेम करायची म्हणून कपाटावर जपून ठेवलं होतं. खंड्याच्या मानेवरून सरळ घडी गेलीय.

"अय्या, मला रद्दी वाटली गं!"

हे हसले. "बघ तरी, काय झकास पिशवी झालीय!"

झालीय खरी झकास. तेच तर पोटात दुखतंय.

१३ जून
भेटवस्तूंच्या दुकानाची मालकीण घरी आली. एकेक पिशवी उचलून, आत हात घालून पाहिली. बटाट्याच्या ठशांची पानं, बटणांची फुलं — सगळं आवडलं. शाळेच्या मोठ्या बाई निवृत्त होताहेत, त्या समारंभात पाहुण्यांना काचेचे दिवे द्यायचेत. पिशव्या वन्संनी करायच्या. "हे नीट पार पडलं तर काम कायम तुमचंच."

वन्सं चक्क लाजल्या. ह्यांनी तर पाठच थोपटली. सासूबाई उठून आत गेल्या.

कायम! म्हणजे टेबलही कायम.

१५ जून
दुपारी सासूबाई आडव्या झाल्या होत्या, वन्सं अंघोळीला. खळ नुकतीच शिजवून ठेवलेली. पातेलं नळाखाली धरलं. ढवळलं. आणखी थोडं पाणी.

वन्सं आल्या, बसल्या. त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकडंच आहे. नवऱ्याने दारात चिरडलेलं. म्हणून घडी चमच्याच्या पाठीने दाबतात.

"आज खळ सैल वाटतेय का गं?"

"हवा दमट आहे ना. वाळेल की."

"तू म्हणतेस तर वाळेल."

१९ जून
समारंभातच बुडं सुटली. पाहुणे पिशव्या उचलताहेत आणि दिवे खाली! एक तर मोठ्या बाईंच्या पायावरच फुटला. रक्त आलं. मालकीण फोनवर एवढी ओरडत होती की मला ओट्यापाशी ऐकू येत होतं.

वन्सं नुसतं "हो... हो... चुकलंच माझं" म्हणत राहिल्या.

मी चहा टाकला. त्यांच्या कपात साखर जरा जास्त घातली. का, कोण जाणे.

२० जून
वन्संनी पातेलं घासून पालथं घातलं. रिकाम्या टेबलापाशी बसून होत्या.

"मला काही म्हणता काही धड जमत नाही गं. तो म्हणायचा तेच खरं."

"असं कसं म्हणता?" म्हटलं. तेवढंच म्हटलं. जीभ पुढे रेटेना. रेटायचीही नव्हती.

मग त्यांनी स्वतःच नवऱ्याला फोन लावला.

२३ जून
गेल्या.

तो गाडीतून उतरलासुद्धा नाही. खालून हॉर्न वाजवत राहिला. हे बॅग घेऊन जिना उतरले आणि लहान मुलासारखे रडत वर आले. "थांब म्हणालो. ऐकलंच नाही. म्हणाली, इथे तरी माझा काय उपयोग?"

टेबल पुसलं. तिघं नीट खुर्च्यांवर बसून जेवलो. म्हणजे, ताटं वाढली. हे उठून गेले.

आता मोकळं मोकळं वाटायला हवं.

२४ जून
हे कामावर गेल्यावर सासूबाई ओट्यापाशी आल्या. "त्या दिवशी पाणी घातलंस ते पाहिलं मी."

मी गॅस बंद केला. "मग... बोलला का नाहीत?"

"लेक वर्षभर माहेरी का, म्हणून येणारा-जाणारा विचारायचा. पोटच्या पोरीला जा कसं म्हणायचं? तू सोपं केलंस."

आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच.