वळणावरचा माणूस

प्रिय आई,

मी सुखरूप आहे. कानटोपी घालते, वेळेवर जेवते. तू जेवतेस ना? मावशी अजून सोबतीला आहे ना?

घाट फार उंच आहे, दोन पावलांत धाप लागते. फोटोत दरीची खोली कळावी म्हणून वळणावर माणूस उभा करावा लागतो. ते काम कायम बाबांचं, हात मागे बांधून उभे राहायचे.

आज कॅमेऱ्यातून बघताना सवयीने बोलून गेले, "बाबा, जरा डावीकडे." ते गेले, हे जिभेला अजून कळलेलं नाही.

ड्रायव्हरकाका चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि ते कठड्यापाशी जाऊन उभे राहिले, जरा डावीकडे.

फोटो छान आलाय, पण तुला एवढ्यात दाखवणार नाही. काकांनीही हात तसेच मागे बांधलेत.

तुझीच,
धाकटी