काचघरातली शिंक

सीपरी बाजार, झाशी
मंगळवार, दुपारी जेवणानंतर

ती. राजाभाऊंना मेहुण्याचा दंडवत. गुडघ्याला आता उतार पडला असेल, वहिनींची साखरही ताळ्यावर असेल. इकडे सगळं खुशाल आहे, म्हणजे तुमची बहीण कमल खुशाल आहे. माझी झोप शनिवारपासून उडालीय, त्याची हकिकत सांगतो.

तुमची भाची अनुया मोठ गावाच्या अलीकडच्या त्या काचघरात राहायला गेल्याला आठ महिने झाले. चार माणसं आत कोंडलेली, बाहेरचा वारासुद्धा नाही. आत पिकेल तेच खायचं आणि वर्षभर टिकायचं. टिकली तर तिचं पुढचं संशोधन मार्गी लागेल. (एवढं शिकून पोरीने स्वतःला बरणीत भरून घेतलं, असं मी एकदा म्हणालो. दोन दिवस चहा मिळाला नाही.) शनिवारी घरच्यांना तासभर आत सोडणार होते. नियमांचा कागद दोन पानी: बी नाही, माती नाही, खाऊ नाही, फूलसुद्धा नाही. पण लेक नव्या जागी राहायला गेली की तिच्या डब्यात घरचे तांदूळ टाकायचे, म्हणजे तिला अन्न कमी पडत नाही, ही रीत तुमच्याच घरची ना? "पोर वाळलीय, आणि तुम्हाला कागदाचं पडलंय!" कमल कडाडली. झालं. मूठभर तांदूळ माझ्या चष्म्याच्या घरात कोंबले गेले, कारण दारावर बायकांच्या पिशव्या उलट्या करतात म्हणे.

दारावरच्या भैयाने "दादा, जेबें खाली करो" म्हणत माझी सुपारीसुद्धा काढून घेतली, चष्म्याच्या घराला मात्र हात लावला नाही. पुढे दोन दारं. मागचं बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही. त्या मधल्या खोलीत मला असा घाम फुटला की कमलने पदराने माझी मान पुसली. आत अनुया समोर आली. खरंच वाळलीय हो! डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, पण हातात ते घर होतं.

गव्हाच्या वाफ्यापाशी मेघना नावाच्या अधिकारी बाई सांगत होत्या, बाहेरचा एक किडा शिरला तरी चौघांची मेहनत मातीत. मी मान डोलावली आणि सवयीने पाटी वाचायला त्या घरातला चष्मा काढून घातला. नाकावर काहीतरी चालू लागलं. तांदळातला सोंडकिडा! (कमलने निवडले होते म्हणे. मोतीबिंदू काढून घे म्हणून दोन वर्षं घसा कोरडा करतोय.) हात उचलावा तर बाई बघतायत, न उचलावा तर किडा डोळ्याकडे निघालेला. अनुयाची नजर माझ्यावरच. मी श्वास रोखला, कुलदैवताला हाक मारली आणि शिंकलो. अशी शिंक, की बाई दोन पावलं मागे सरल्या. किडा गेला. मग खाली एक काळा ठिपका दिसला, तो पायाने चिरडला. प्रकरण मिटलं. तांदूळ तसेच परत आणले, त्यामुळे कमल माझ्याशी बोलत नाही.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार.

आपला,
रमाकांत

ता. क. चिरडला तो ठिपका वाळकी काडी होती. तेव्हाच दिसलं होतं. तुम्ही शेतकी खात्यात तीस वर्षं काढलीत, म्हणून विचारतो: एकट्या सोंडकिड्याचा वंश वाढतो का? कमलच्या फोनवर मात्र उत्तर देऊ नका.

आणखी एक. आत्ताच अनुयाचा फोन येऊन गेला, म्हणून पोस्टाची वाट न बघता या कागदांचा फोटो पाठवतोय. किडा तिला काल वाफ्यात सापडला. तिने तो बाटलीत घालून बाईंना दिला आणि लिहून सही केली, "घरून तांदूळ मीच मागवले होते." तांदळाचं तिला कोणी सांगितलं? कोणी नाही, ती आईला ओळखते. तिला आत ठेवायचं की बाहेर काढायचं, ते शुक्रवारी ठरणार. "बाबा, तुम्ही मध्ये पडू नका," म्हणाली. मी गुरुवारी जाऊन खरं काय ते सांगणार आहे. पण राजाभाऊ, एकट्याचा पाय उचलत नाही. मिळेल ती गाडी धरा.

र.