ओल्या काळ्या मातीचा रंग

बा,

काल मायनं तुझ्या फोटोला हार घातला. वस्तीतले लोक जमले होते, भाषणं झाली. एका पोरसवदा कार्यकर्त्यानं तुला वाघ म्हटलं. तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता. मी पहिल्या रांगेत बसले होते, टाळ्याही वाजवल्या, आणि घरी येऊन इतका राग आला की भाकरी तव्यावर करपली. त्या भाषणात तुझा ब्रश कुठंच नव्हता. पलटणीतला माणूस म्हटलं की सगळ्यांना बंदूकच दिसते. तू तर तिथं गाड्यांना रंग द्यायचास. ट्रक वाळूत उभा राहणार की झाडीत, हे बघून त्याला कुठला रंग द्यायचा ते ठरवायचास. पेन्शनीवर घरी आलास तेव्हा परभणीच्या बाजारात बैलगाड्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवायला लागलास. तेव्हा तुझ्या अंगाला कायम रॉकेलचा वास यायचा आणि माय नाक मुरडायची.

मग विद्यापीठाच्या नामांतराची बातमी आली, आणि तिच्या मागोमाग जाळपोळीच्या बातम्या. पूर्णेकडून एसटीनं आलेला माणूस काय काय बघून आला ते सांगायचा आणि आपल्या गल्लीत कुणी मोठ्यानं बोलेनासं व्हायचं. एके दिवशी तू सकाळीच रंगाचे डबे काढून बसलास. घराच्या भिंतीला मातीचा रंग द्यायचा आणि निळं दार झाकायचं, म्हणजे सडकेवरून घर उठून दिसणार नाही, असं तुझं म्हणणं. माय दारात आडवी उभी राहिली.

"दाराला हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "अन् कुणापासून लपवायलाव घर? गावाला ठाऊक हाय कोणतं घर कुणाचं. येणारे काय मुंबईहून येणार हायेत?"

जन्मभर परक्या शत्रूच्या डोळ्यांसाठी रंग कालवलेस. तुझ्या लेखी शत्रू म्हणजे लांबून बघणारा. आपल्याच गावच्या माणसांच्या डोळ्यांसाठी कुठला रंग चालतो ते तुला कुणी शिकवलं नव्हतं. तू दार तसंच सोडलंस आणि पेटीतली जुनी ताडपत्री बाहेर ओढलीस.

वस्तीमागच्या कापसाच्या रानात बांधाखाली एक चर होता. चौघं आडवी मावतील एवढा. तू ताडपत्री बांधावर पसरून बसलायस आणि मी तुला डबे उघडून देते आहे. गाड्यांचा उरलेला हिरवा, काजळी, गेरू. पहिला रंग तू हातातल्या कोरड्या ढेकळाशी जुळवलास. दुपारी सर येऊन गेली, रान काळंशार झालं, आणि तुझी ताडपत्री त्यात पांढुरकी दिसायला लागली. तू स्वतःलाच शिवी हासडलीस. "आता पावसाचेच दिस. रंग ओल्या मातीचा पायजे." पुन्हा काजळी ओतलीस. रंग चमकू नये म्हणून त्यात चुलीतली राख कालवलीस. हिरवा सगळीकडं सारखा लावू दिला नाहीस, कापसाची पानं अशी एकसारखी असतात का म्हणून माझ्यावर डाफरलास. मग मला सडकेवर उभं केलंस आणि ओरडून विचारलंस, "दिसायलंय का गं?" मला चर सापडेना. मी आनंदानं उड्या मारल्या, बा. इतकी भीती असताना मला तो खेळ वाटला.

मायला तो खेळ वाटला नाही. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "पलटणीत ऱ्हाऊन आला, अन् आता ताडपत्रीखाली लपायलाय. भेकड मेला."

"पलटणीत पयलं लपायलाच शिकवत्यात," तू म्हणालास. "बंदूक मंग देत्यात." पण त्या जेवणात तू दुसरी भाकरी घेतली नाहीस, हे मी बघितलं.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला ते आले. आधी ओरडा, मग कुत्री, मग गवताच्या छपरांचा तडतड आवाज. तू माझ्या धाकट्या भावाला काखोटीला मारलंस, मायला दंडाला धरून ओढलंस. चरात आपण चौघं एकमेकांना चिकटून, वर ताडपत्री. तू चिखलात बुडवून वाळवलेला सदरा घातला होतास. कडेच्या फटीतून मला आपलं घर दिसतंय. निळं दार कुऱ्हाडीनं फोडतायत. शेजारच्या म्हातारीला केसाला धरून बाहेर ओढलं, तिच्या पाठीत काठी बसली तो आवाज मला इथपर्यंत आला. मग आपलं छप्पर पेटलं आणि सगळं रान उजळलं.

सातआठजण रानात शिरले. पुढच्याचा आवाज मी ओळखला, त्याची गाडी तू पोळ्याला रंगवून दिली होतीस. ते चराजवळून गेले आणि त्यांना काही दिसलं नाही. तुझा रंग अगदी बरोबर होता, बा. पण धाकट्याला धुरानं खोकला आला. मायनं त्याचं तोंड दाबलं, तरी एक ठसका निसटला. पावलं थांबली. कुणीतरी म्हणालं, "हितंच कुठं तरी हायेत."

तू सदरा काढलास. खाली पांढरं बनियन. माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि दुसऱ्या टोकानं सरपटत बाहेर पडलास. जरा लांब जाऊन उभा राहिलास आणि ओरडलास, "हितं हाय मी! या!" मग नाल्याकडं पळालास. त्या उजेडात तू कोसावरून दिसला असतास. त्यांनी तुला नाल्याच्या तोंडाशी गाठलं. पहिला घाव खांद्यावर बसला, तू गुडघ्यावर आलास, हात वर केलास, त्या हातावर दुसरा. नंतर काठ्या. तू खाली पडल्यावरही ते बराच वेळ मारत होते, आणि एकजण दमून कमरेवर हात ठेवून उभा होता. मायनं मला ओरडू दिलं नाही. माझं तोंड दाबलेला तिचा हात मी चावला होता. त्याचा वण तिच्या बोटावर अजून आहे.

आता ती ऐंशीच्या घरात आहे. तू वाघ होतास हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. भेकड म्हणाली होती ते ती विसरली की विसरल्यासारखं करते, मला ठाऊक नाही. विचारायची माझी छाती होत नाही. तू पळालास तो आम्हाला वाचवायला की तिच्या त्या शब्दाला उत्तर द्यायला, हे मला रात्रंदिवस छळतं. कदाचित दोन्ही. कदाचित ते ठसका ऐकूनही पुढं गेले असते.

हे तिच्यासमोर वाचता येणार नाही आणि तुझ्याकडं पोचणार नाही, म्हणून लिहून टाकते. मला तुझा अभिमान वाटत नाही, बा. सगळ्यांसमोर वाटतो असं म्हणते. मला तू चरात पडून राहिलेला हवा होतास. सगळ्या गावानं भेकड म्हटलं असतं तरी चाललं असतं. संध्याकाळी घरी येऊन हातावरचा रंग रॉकेलनं पुसत बसला असतास, एवढंच मला पाहिजे होतं.